निजामांची सिंहासन-मोटार

हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी रोल्स-रॉईस कंपनीकडे एक मोटार मागविली. त्या काळी कंपनी केवळ यंत्र व सांगाडा देई. वरचा साज लंडनच्या बार्कर कारागिरांनी चढविला. रंग आसफजाही निशाणाचा, पिवळा. आत उंच आसन एकट्या निजामांसाठी. इतरांनी घडीच्या बैठकांवर बसावे. दरबारच चाकांवर निघावयाचा होता! परंतु मोटार पोहोचण्यापूर्वीच, ऑगस्ट १९११ मध्ये, महबूब अली पैगंबरवासी झाले. वारस उस्मान अली खान यांच्या काटकसरीच्या कथा सर्वश्रुतच आहेत. त्यांनी ती क्वचितच बाहेर काढली. याच जातीच्या एका मोटारीने १९०७ साली १४,००० मैलांवर मजल बिघाडावाचून मारली होती. निजामांची मोटार काही शे मैलच धावली. आज ती चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे.