फळझाड आणि भूमीचा कौल



स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी चालकांची आज्ञा झाली. आयुष्य खडू-फळ्यात गेले. तथापि वारंगा फाट्याच्या परिसरात थोडी वडिलोपार्जित जमीन असल्याने फळझाडांचा इतिहास वाचण्याचा, आणि त्यातील एक धडा स्वतः भोगण्याचा, योग आला. तोच येथे सादर करतो.

नागपुरी संत्रे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याचे माहेर आपल्या मराठवाड्यात आहे, हे थोड्यांसच माहीत असेल. अठराव्या शतकात रघुजीराजे भोसले यांनी औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, संत्र्याची रोपे नेऊन नागपुरास आपल्या बागेत लावली, असे परंपरा सांगते. पुढे ते फळ काटोल, वरुड, मोर्शीकडे पसरले. तेथील भूमी व हवा त्यास मानवली आणि २०१४ साली नागपूरच्याच नावाने त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. लेक जन्मली माहेरी, परंतु नांदली सासरी!

याउलट, मोझांबिकचे नाव घेऊन आलेली मोसंबी जालन्यास रुजली. जुनागढच्या नवाबांनी १९३४ साली ज्यास नाव दिले, तो केशर आंबा मराठवाड्याचा झाला. बीडच्या बालाघाटाच्या डोंगरउतारांवर सीताफळाने आपले घर केले. या तिन्ही फळांस २०१६ साली मानांकन लाभले. तात्पर्य, परके फळ वर्ज्य नव्हे; मात्र भूमीचा कौल घेऊनच ते आणावे.

संत्रा-मोसंबीस मध्यम काळी, निचऱ्याची, खाली मुरूम असलेली जमीन लागते. बहार धरण्यासाठी पाणी तोडून झाडास ताण द्यावा लागतो. खोल काळ्या जमिनीत ओल हटत नाही, म्हणून ताण बसत नाही. पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. चुनखडी अधिक असल्यास पाने पिवळी पडतात.

हे सारे मी उशिरा शिकलो. सेवेत असताना एका रोपविक्रेत्याच्या शब्दावर विसंबून ओढ्याकाठच्या खोल काळ्या वावरात मोसंबीची कलमे लावली. मुलीच्या शिक्षणासाठी राखलेली पुंजी त्यात घातली. वडील म्हणाले होते, “बाबा, ते वावर ज्वारीचं हाय.” मी शिकलेला, ऐकले नाही. पाच वर्षे झाडे डौलाने वाढली, परंतु बहार धरेना. सहाव्या पावसाळ्यात बुंध्यांतून डिंक वाहू लागला. आठव्या वर्षी कुऱ्हाड चालवावी लागली. मुलीचे शिक्षण वर्षभर खोळंबले. तिने कधी बोल लावला नाही, हेच मनास अधिक लागते. त्याच वावराच्या वरच्या मुरमाड बांधावर आजोबांनी लावलेला गावरान आंबा मात्र फळांनी लवला होता.

आंबा बांधावर, सीताफळ माळावर, केळी पाण्याजवळ, ही वाडवडिलांची वाटणी अडाणीपणाची नव्हती. ती पिढ्यांची परीक्षा होती. आज ज्ञातीतील तरुण शेजारच्या जिल्ह्यातील बाग पाहून कर्ज काढतात. त्यांस एवढीच विनंती की, कलमे आणण्यापूर्वी वावरात मीटरभर खड्डा खणावा, आत मुरूम, चिकण की चुनखडी ते पाहावे आणि माती तपासून घ्यावी. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्याच विभागात आहे. तेथे जाऊन विचारण्यात कमीपणा नाही. आणि घरातील वृद्धास अवश्य विचारावे. मी विचारले नाही, म्हणून हे लिहावे लागले.

इत्यलम्.