एका ओंडक्यासाठी केवढी करवत?

आजोबांनी दारव्ह्याजवळच्या शेताच्या बांधावर लावलेला साग गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला, वादळात, नाल्यात आडवा झाला. घेर १२० सेंटिमीटर. तीन मीटरचा सरळ ओंडका निघणार होता. नाल्यात ट्रॅक्टर उतरत नव्हता. मी पुण्यात बसून रात्रभर व्हिडिओ पाहिले आणि ठरवलं, चेनसॉ आणून जागेवरच फळ्या पाडायच्या. ३६ इंची बार असलेलं मशीनही हेरून ठेवलं. गावच्या सुतारमामांना फोन केला, तर ते म्हणाले, "बाबू, झाड केवढं हाय थे आंधी पाह्य. मंग करवत पाह्य."

तिथून मी करवतीच्या इतिहासात शिरलो.

इंजिनं येण्याआधी ओंडका उभा चिरायला दोन माणसं लागायची. खड्ड्यावर ओंडका ठेवायचा, एक जण वर, एक खाली. रेघ वरचा सांभाळायचा, भुसा खालच्याच्या डोळ्यांत जायचा. हा खड्डा किती महत्त्वाचा होता, ते कायद्यात दिसतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या ४१व्या कलमात सरकारला लाकडाच्या वाहतुकीबरोबरच लाकूड चिरण्याच्या खड्ड्यांवरही बंदी घालण्याचे नियम करता येतात. कारण सोपं आहे. ओंडका ओळखता येतो, त्यावर शिक्का मारता येतो. त्याच्या फळ्या झाल्या की तो कुठल्या जंगलातला हे कोण सांगणार?

त्याच कायद्याच्या काळात, १० जुलै १९३० ला, पुसदला जंगल सत्याग्रह झाला. आपल्याकडे समुद्र नाही, मग मीठ कुठलं? लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं आणि अटक करवून घेतली. हातात होता साधा विळा. प्रश्न हत्याराचा नव्हताच, कापायचा हक्क कुणाचा याचा होता.

करवतीला इंजिन मिळत होतं ते याच सुमारास, जर्मनीत. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवरची साखळी-करवत काढली, १९२९ साली पेट्रोलवरची. पण तीही उचलायला दोन माणसं लागत. साखळीचे दातही नीट नव्हते, लाकूड ओरबाडायचे. त्यावर उपाय सापडला अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये. १९४६ साली जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने ओंडका पोखरणाऱ्या भुंग्याची अळी पाहिली. ती जबड्याच्या डाव्या-उजव्या बाजूंनी लाकूड खात होती. त्यावरून त्याने एक दात डावा, एक उजवा अशी साखळी केली. आजची साखळी त्याच वळणाची आहे.

ही यंत्रं वाढली ती तिकडच्या महाकाय सूचिपर्णी झाडांवर. म्हणून लांब बार, जाड साखळी. माझा ३६ इंचांचा मोह तिथूनच आला होता. आपल्याकडचा साग मात्र बारीक आणि महाग.

आता हिशेब. १२० सेंटिमीटर घेर म्हणजे सुमारे ३८ सेंटिमीटर व्यास, म्हणजे १५ इंच. फळ्या पाडायची चौकट बारवर बसवली की ३-४ इंच वाया जातात. म्हणजे २० इंची बार पुरे, इंजिन ६०-७० सीसीचं. लांब बारला जास्त ताकद लागते, तो लवचतोही, आणि फळी एकीकडे जाड, एकीकडे पातळ होते.

साखळीची दोन मापं पाहायची. पहिलं पिच : लागोपाठच्या तीन रिवेटांमधलं अंतर भागिले दोन. ३/८ इंच, ०.३२५ इंच, ०.४०४ इंच ही नेहमीची. दुसरं गेज : बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. पिच इंजिनाच्या दातेरी चाकाशी आणि बारच्या टोकाशी जुळलं पाहिजे, गेज बारच्या खाचेशी. एक चुकलं की सगळंच फुकट. शिवाय आडवं कापणाऱ्या साखळीच्या दातांचा कोन साधारण ३० अंश असतो, उभं चिरायला १० अंशांचा चांगला. सागात सिलिका असते, दात लवकर बोथट होतात, कानस जवळ हवीच.

पण मला थांबवलं ते तिसऱ्या आकड्याने. नेहमीची ३/८ साखळी प्रत्येक कापात जवळपास ९ मिलिमीटर लाकडाचा भुसा करते. बुटक्या दातांची ३/८ सुमारे ७. आरागिरणीचं पट्टीचं पातं २ च्या आसपास. ३८ सेंटिमीटरमधून २५ मिलिमीटरच्या फळ्या काढल्या, गोलाईची घट सोडली, तर अनुक्रमे ११, १२ आणि १४ फळ्या. नेहमीच्या साखळीने आजोबांच्या तीन फळ्या नाल्यातच पडणार होत्या.

मग आरागिरणीच का नको? त्यालाही इतिहास आहे. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या परवानगीशिवाय जंगलात चाललेली कामं थांबवली, त्यात आरागिरण्यांचा उल्लेख नाव घेऊन आहे. परवान्याची गिरणी गाठायची तर लाकूड न्यावं लागतं, आणि साग स्वतःच्या बांधावरचा असला तरी कागद लागतात. काकांनी वन खात्याच्या कार्यालयात अर्ज दिला. जागेवर चिरायचं तेही तिथे विचारून घेतलं.

शेवटी मामांनीच तोड काढली. २० इंची बार, बुटक्या दातांची साखळी, आणि एकच उभा काप. साडेतीनशे किलोच्या घरातला ओंडका दोन फाकांत झाला. दोन्ही फाका बैलांनी ओढून वर काढल्या, वाहतूक पास घेऊन गिरणीवर नेल्या. साखळीचा भुसा फक्त एका कापाचा, बाकी काप पातळ पात्याचे.

फळ्या आता गोठ्यात आहेत, मधे पट्ट्या घालून रचलेल्या. मामांनी बजावलंय, वर्षभर हात लावायचा नाही. चौकट त्यानंतर.