उत्तर दिल्याचा दंड

1934 साली मुंबईच्या कोर्टाने र. धों. कर्वे यांना 200 रुपये दंड केला. गुन्हा कोणता? 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे छापली, हा! त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मासिकच या विषयाला वाहिलेले. मग वाचक दुसरे काय विचारणार, असा त्यांचा युक्तिवाद होता. समलिंगी ओढ म्हणजे विकृती, या समजुतीविरुद्ध त्यांनी हॅवलॉक एलिसच्या ग्रंथांचा आधार घेतला. तरीही खटला हरला.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शरीराचा आणि रोजमुऱ्याचा संबंध आम्हांला ग्रंथांतून शिकावा लागला नाही. बाळंतपणात जिचा रोज बुडतो, तिला 'घरची गोष्ट घरातच ठेव' असे सांगणे म्हणजे तिची भाकर काढून घेणे होय. मातेला विसावा मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, असे आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात सांगितले. 1929 साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला. 1938 साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला. तो मात्र सभागृहाने फेटाळला.

कर्व्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले होते 1921 साली. या कार्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली. आणि 1952 पासून स्वतंत्र भारताचे सरकारच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम राबवू लागले! कालचे अश्लील ते आज राष्ट्रकार्य ठरले, कारण सरकारला त्याची गरज पडली.

ज्यांची सरकारला गरज नव्हती, त्यांना अधिक थांबावे लागले. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारे 377 वे कलम इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातले. ते आपल्या परंपरेचे रक्षण करते असे मानणाऱ्यांनी हे जन्मसाल ध्यानात घ्यावे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क मान्य केला. 2018 साली प्रौढांच्या परस्परसंमतीचे संबंध त्या कलमातून मुक्त झाले. कर्व्यांच्या खटल्याला तोवर 84 वर्षे झाली होती. विवाहाचा हक्क मात्र 2023 च्या निकालाने दिला नाही.

काळ बदलला, असे आपण सहज म्हणतो. पण संप केल्यावाचून पगार वाढत नाही, तसेच हे आहे. म्हणून एखादा विषय सभेत नको असे म्हणण्यापूर्वी, त्या नकाराने कोणाचे तोंड बंद होते एवढे श्रोत्यांनी पाहावे, हीच आमची विनंती.