पॉलिटोपियात नकाशा लवकर कसा जिंकायचा? मोहिमेचा मार्ग आखण्याची सोपी पद्धत

'द बॅटल ऑफ पॉलिटोपिया' हा मिडजिवान या स्वीडिश कंपनीचा टर्नवर चालणारा स्ट्रॅटेजी गेम आहे. २०१६ मध्ये तो 'सुपर ट्राइब्स' या नावाने आला आणि त्याच वर्षी त्याला आताचं नाव मिळालं. फोनवर एका हाताने खेळता येतो आणि कॉम्प्युटरविरुद्ध खेळायला नेट लागत नाही.

नवीन खेळाडूंची अडचण बहुतेक वेळा एकच असते. लढाया जिंकल्या जातात, पण नकाशा जिंकला जात नाही. परफेक्शन मोडमध्ये फक्त ३० टर्न मिळतात, आणि सैन्य शत्रूच्या दारात पोहोचेपर्यंत त्यातले २० उडालेले असतात. डॉमिनेशनमध्ये टर्नची मर्यादा नाही, पण तुम्ही रेंगाळलात की समोरचा जायंट बनवून मोकळा होतो. म्हणून कुठून कुठे जायचं हे आधी ठरवायला हवं.

घरं मोजू नका, टर्न मोजा

नकाशावर सगळ्यात जवळ दिसणारं शहर सगळ्यात लवकर मिळतंच असं नाही. गेमचे काही नियम वेळ खातात:

- गाव किंवा शहर ताब्यात घ्यायचं असेल, तर युनिटने त्यावर जाऊन थांबायला लागतं. ताबा पुढच्या टर्नला मिळतो, आणि तो घेण्यात त्या युनिटचा तो टर्न जातो.
- जंगलात शिरलं की युनिटची चाल तिथेच संपते. एरवी दोन घरं जाणारा घोडेस्वारही जंगलातून एकेक घरच सरकतो.
- डोंगरावर चढायला क्लायंबिंग तंत्रज्ञान लागतं, आणि तिथेही चाल संपते.
- शत्रूच्या युनिटला लागून असलेल्या घरात पाऊल ठेवलं की तिथेच थांबावं लागतं.
- बंदरात शिरून नाव होणं आणि परत किनाऱ्यावर उतरणं, दोन्ही वेळा चाल संपते.

त्यामुळे मार्ग बघताना 'किती घरं' याऐवजी 'ताबा कितव्या टर्नला' हा प्रश्न विचारा. मोकळ्या मैदानातून जाणारा लांबचा रस्ता जंगलातल्या जवळच्या रस्त्यापेक्षा अनेकदा लवकर पोहोचवतो.

सुरुवात: एकाने दोन गावं की दोघांनी दोन?

एक उदाहरण घेऊ. राजधानीपासून एका बाजूला ३ घरांवर पहिलं गाव आहे, विरुद्ध बाजूला ४ घरांवर दुसरं. दोन गावांमध्ये ६ घरांचं अंतर आहे आणि सगळी जमीन मोकळी आहे. वॉरियर एका टर्नला एक घर चालतो.

एकच वॉरियर पाठवला तर तो तिसऱ्या टर्नला पहिल्या गावात पोहोचतो आणि चौथ्याला ताबा घेतो. मग पाचव्यापासून दहाव्यापर्यंत चालतो आणि अकराव्या टर्नला दुसरं गाव मिळवतो.

आता पहिला वॉरियर राजधानीतून बाहेर काढून त्याच टर्नला २ स्टार देऊन दुसरा बनवला, असं समजा. तो पुढच्या टर्नपासून निघतो, पाचव्या टर्नला दुसऱ्या गावात पोहोचतो आणि सहाव्याला ताबा घेतो. म्हणजे दुसरं गाव ५ टर्न आधी आलं. पहिल्या लेव्हलचं शहर दर टर्नला १ स्टार देतं, म्हणजे तेवढ्यात ५ स्टार आले. २ घातले, ५ मिळाले, शिवाय एक सैनिक जास्तीचा!

सुरुवातीला मार्ग एका रेषेत नको. तो झाडाच्या फांद्यांसारखा पसरू द्या.

आधी तंत्रज्ञान, मग ताबा

हा मुद्दा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जितकी शहरं जास्त, तितकं तंत्रज्ञान महाग. हिशोब असा आहे: तंत्रज्ञानाची पायरी गुणिले शहरांची संख्या, अधिक ४.

रोड्स दुसऱ्या पायरीवर आहे. २ शहरं असताना त्याला ८ स्टार लागतात, ६ शहरं झाल्यावर १६. घोडेस्वार देणारं रायडिंग पहिल्या पायरीवर आहे, ते ६ वरून १० वर जातं.

म्हणून मोहिमेला जे नक्की लागणार आहे, ते दोन-तीन शहरं एकदम हातात येण्याच्या आधीच्या टर्नला घेऊन टाका. पण महाग होतंय म्हणून शहरं घेणं थांबवू नका. शहर दर टर्नला स्टार देत राहतं, तंत्रज्ञानाची किंमत एकदाच मोजायची असते.

रस्ते कुठे बांधायचे?

रस्त्यावरून रस्त्यावर चालताना निम्मी चाल लागते आणि जंगलाचा अडथळाही जातो. मात्र शत्रूच्या हद्दीत त्याचा उपयोग होत नाही. सगळी शहरं जोडत बसण्यापेक्षा राजधानीपासून आघाडीच्या शहरापर्यंत एक सलग रस्ता काढा. मागे बनलेलं युनिट निम्म्या वेळात पुढे पोहोचलं, तरच रस्त्याचे पैसे वसूल होतात.

हल्ला शेवटून मागे मोजा

समजा, शत्रूचं एक शहर तुम्हाला १५ व्या टर्नला हवं आहे. आता उलटं मोजा.

टर्न १५: ताबा. म्हणजे तुमचं युनिट १४ व्या टर्नलाच शहरावर उभं हवं.

टर्न १४: शहरातला रक्षक मारायचा. कॅटापल्ट आणि आर्चरने लांबून मारा करून घ्या आणि शेवटचा घाव हातघाईच्या युनिटने घाला, उदाहरणार्थ स्वोर्ड्समन. रक्षक मेला की ते युनिट आपोआप त्याच्या जागी, म्हणजे शहरात शिरतं. शेवटचा घाव कॅटापल्टने घातलात, तर शहर रिकामं राहतं आणि आत जायला दुसरं युनिट शोधावं लागतं.

टर्न १३: कॅटापल्ट ३ घरांच्या अंतरावर जागेवर हवा. तो ज्या टर्नला चालतो त्या टर्नला मारा करू शकत नाही, आणि चालतोही एकच घर. म्हणून मोहिमेत सगळ्यात आधी तो निघायला हवा, घोडेस्वार सगळ्यात शेवटी.

१४ ते १५ च्या मधला शत्रूचा टर्न सगळ्यात धोक्याचा. शहरात तुमचं युनिट उभं असल्यामुळे शत्रूला त्या शहराचे स्टार मिळत नाहीत, पण आजूबाजूची त्याची युनिट्स तुमच्यावर तुटून पडणार. त्यामुळे आत धडधाकट युनिट पाठवा आणि शेजारची घरं आपल्या माणसांनी अडवून ठेवा.

पुढचं लक्ष्य कसं निवडायचं?

जिंकलेलं शहर हे पुढच्या लढाईचं तळ असतं. ते ताब्यात आलं की तीन फायदे लगेच मिळतात:

- शहराची लेव्हल कायम राहते. तिसऱ्या लेव्हलचं शहर पहिल्याच टर्नपासून ३ स्टार देतं.
- ताबा घेणारं युनिट आता त्या नव्या शहराच्या हिशोबात जातं. शहराची युनिट क्षमता त्याच्या लेव्हलपेक्षा एकने जास्त असते, म्हणजे मागच्या शहरात एक जागा मोकळी होते.
- जखमी युनिट आपल्या हद्दीत विश्रांती घेतल्यावर ४ हेल्थ मिळवतं, बाहेर फक्त २. नवं शहर म्हणजे आघाडीवरचा दवाखाना.

म्हणून दोन शहरं सारख्याच अंतरावर असतील, तर असं निवडा जिथून तिसरं जवळ पडतं. कोपऱ्यातलं शहर घ्यायला अख्खं सैन्य नेलंत, तर तेवढंच अंतर परत यावं लागतं. अशा ठिकाणी दोन घोडेस्वार पाठवा, मुख्य सैन्य पुढे जाऊ द्या.

एका शत्रूचं काम पूर्ण करूनच दुसऱ्याकडे वळा. शेवटचं शहर गेलं की ती टोळी बाद होते आणि तुमची ती बाजू निश्चिंत होते. एक शहर शिल्लक ठेवलंत, तर तिथल्या पहाऱ्यासाठी सैन्य अडकून पडतं.

टर्न संपवण्याआधी तीन प्रश्न

१. आज कुठलं युनिट विनाकारण उभं आहे?
२. पुढच्या टर्नला कुठलं गाव किंवा शहर हातात येणार आहे, आणि त्याआधी एखादं तंत्रज्ञान घ्यायचं राहिलंय का?
३. हे शहर मिळाल्यावर सैन्य पुढच्या लक्ष्याच्या जवळ असेल की लांब?

सराव करायला ११×११ घरांचा सगळ्यात छोटा नकाशा आणि एकच शत्रू घ्या. लहान नकाशावर वाया गेलेला प्रत्येक टर्न लगेच दिसतो. तिथे हात बसला, की मोठ्या नकाशावर मार्ग आपोआप सुचायला लागतो.