सोलापूर आणि भाषा-मार्गदर्शकाचे शिक्षण

सोलापुरात १९४० साली दयानंद महाविद्यालय निघाले. गिरण्यांच्या व मागांच्या या नगरीत घरी तेलुगू, कन्नड वा उर्दू, बाजारात मराठी आणि पाठ्यग्रंथात इंग्रजी, असा अनेक विद्यार्थ्यांचा क्रम होता. उत्तरपत्रिकेतील अडखळणे बुद्धीचे की भाषेचे, हा निवाडा अध्यापकाने करावयाचा. पण त्यासाठी त्याला स्वतःला कोणते शिक्षण मिळाले?

हैदराबादेत १९५८ मध्ये इंग्रजीची व म्हैसूरला १९६९ मध्ये भारतीय भाषांची केंद्रीय संस्था स्थापन झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाविद्यालयीन अध्यापकांसाठी उद्बोधन व उजळणी वर्ग सुरू झाले. त्या संस्थांचा रोख भाषा शिकविण्यावर, तर या वर्गांचा मुख्यतः अध्यापनावर व आपापल्या विषयावर. अर्थशास्त्राचा वा इतिहासाचा युक्तिवाद परक्या भाषेत कसा मांडावा, हे शिकविणारा मार्गदर्शक या दोहोंमधील मोकळ्या जागेत राहिला.

२००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ लाभले. ही जागा भरावयाची, तर मार्गदर्शकाच्या शिक्षणाचा आरंभ याच शहराच्या बहुभाषिक अनुभवापासून व्हावा. अन्यथा भाषेची उणीव बुद्धीच्या खाती जमा होत राहील.