रायगडच्या किनाऱ्यावरील माशीमार : ओळख पटवायची कशी?

हिवाळ्याच्या सुरुवातीस कर्नाळ्याच्या पायवाटेवर दुर्बीण घेऊन उभ्या राहिलेल्या नवशिक्या पक्षिनिरीक्षकाची पहिली फसगत बहुधा माशीमार पक्षीच करतात. आकार चिमणीएवढा वा तिच्याहूनही लहान, वर दाट सावली, आणि रंग नीट दिसण्याआधीच पक्षी उडालेला असतो. म्हणून रंगाआधी सवय पाहावी. माशीमार उघड्या फांदीवर ताठ बसतो, उडत्या कीटकावर झेपावून त्याला हवेतच टिपतो आणि पुष्कळदा त्याच फांदीवर परततो. पानापानांत किडे धुंडाळत फिरणारा वटवट्या असे सहसा करीत नाही.

पनवेल तालुक्यातील कर्नाळा अभयारण्य १९६८ मध्ये, तर मुरूड-रोहा परिसरातील फणसाड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. फणसाड हे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते. ही दोन्ही जंगले आणि किनाऱ्यालगतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या या पक्ष्यांना मानवतात.

सर्वाधिक गोंधळ निळ्या पक्ष्यांचा. टिकेलचा निळा माशीमार येथे बारमाही राहतो. नराची पाठ गडद निळी, गळा व छाती नारिंगी आणि पोट पांढरे असते. तो ओढ्याकाठच्या सावलीत कमी उंचीवर बसतो. छाती नारिंगी असूनही गळा निळा दिसला, तर तो निळ्या गळ्याचा माशीमार समजावा. हिमालयाकडून हिवाळ्यात येणारा नीलांग मात्र सर्वांगी हिरवट निळा, डोळ्यापुढे काळा डाग असलेला, आणि उंच निष्पर्ण शेंड्यावर उन्हात बसणारा. नीलमणी नराच्या मानेमागे काळा ठिपका व गळ्याखाली बारीक काळी रेघ असते. दुर्बिणीत ती रेघ दिसली की शंका उरत नाही.

तपकिरी माशीमारांची ओळख याहून अवघड. आशियाई तपकिरी माशीमाराचे पाय काळे, तर तपकिरी छातीच्या माशीमाराचे फिकट पिवळसर असतात. छायाचित्रात नेमके पायच पानाआड गेलेले असतात, ही गोष्ट वेगळी. लाल छातीचा माशीमार शेपटी वर उडवतो तेव्हा तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंस पांढरा रंग चमकतो. त्याचा जवळचा भाऊबंद असलेल्या तैगा माशीमाराची खालची चोच काळी असते आणि शेपटीवरची आच्छादक पिसे शेपटीहूनही काळी असतात.

स्वर्गीय नर्तक ओळखण्यास कष्ट पडत नाहीत, निदान नर पांढराशुभ्र आणि लांब शेपटीचा असेल तेव्हा. मादी व तरुण नर तांबूस असतात. नराला लांब शेपटी येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. गंमत अशी, की स्वर्गीय नर्तक आणि नीलमणी हे शास्त्रीयदृष्ट्या माशीमार कुळातले नाहीतच. त्यांचे कुळ निराळे, शेपटीचा पंखा फुलवणाऱ्या नाचणीचेही निराळे. उलट अंगणातला दयाळ आणि माळावरचा गप्पीदास मात्र आता माशीमार कुळातच गणले जातात.

अमेरिकेच्या उष्ण कटिबंधात चारशेहून अधिक जातींचे जे माशीमार आढळतात, त्यांचे आपल्या माशीमारांशी जवळचे नाते नाही. सवयी तेवढ्या सारख्या. रायगडात त्यांचा त्यातल्या त्यात जवळचा नातलग शोधायचाच, तर तो जमिनीवर पाचोळा उलथणारा नवरंग ठरतो!

या ओळखीला व्यावहारिक बाजूही आहे. ईबर्डसारख्या संकेतस्थळांवर हौशी निरीक्षकांनी केलेल्या नोंदी पक्ष्यांच्या संख्येतील चढउतार अभ्यासण्यासाठी वापरल्या जातात; चुकीची नोंद तिथे वर्षानुवर्षे राहू शकते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागांतील असंख्य पोफळी व नारळ आडवे केले. अशा वाड्यांमध्ये आधी कोणते पक्षी होते आणि नंतर कोणते परतले, हे सांगण्यास जुन्या अचूक नोंदींवाचून दुसरा आधार नाही. मात्र नोंदीसाठी वा छायाचित्रासाठी घरट्याभोवतीची पाने छाटणे अक्षम्यच. स्वर्गीय नर्तकाचे पेल्यासारखे घरटे उघडे पडले की ते कावळ्यांच्या नजरेस येते. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला पुढे बोलावण्याचा प्रकारही विणीच्या काळात त्याला थकवणाराच.

वसंतात नीलांग आणि लाल छातीचे माशीमार उत्तरेकडे परततात. मे महिन्यात कर्नाळ्यात निळा माशीमार दिसलाच, तर तो बहुधा टिकेलचा किंवा नीलमणी असतो. आणि पहिल्या पावसाच्या सुमारास नवरंगाची दुपदरी शीळ ऐकू येऊ लागते.