शिलालेख आणि त्रिमिती देखावे

आदिलाबाद जिल्ह्यातील जैनद येथील प्राचीन शिलालेखात परमार उदयादित्याचा पुत्र जगद्देव याचा उल्लेख आहे. त्याच्या पदरी असलेल्या लोलार्काची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे, मंदिर उभारल्याची वार्ता त्यात कोरलेली आहे. सुमारे नऊ शतके लोटली. कोरणारा गेला, राज्यही गेले. अक्षरे मात्र वाचता येतात.

या लेखाचे स्मरण होण्यास एक आधुनिक निमित्त घडले. मंदिर ही एका जागी उभे राहून पाहण्याची वस्तू नव्हे. सभामंडपातून गाभाऱ्याकडे जावे, प्रदक्षिणा घालावी, तेव्हाच त्याचे रूप उलगडते. छायाचित्रास हे साधत नाही. पाहणाऱ्याने पाऊल टाकावे आणि दृश्य त्याप्रमाणे बदलावे, ही सोय घरबसल्या करून देण्याचा आरंभीचा मोठा प्रयत्न १९९४ साली झाला. त्या वर्षी मे महिन्यात जिनिव्हा येथे वर्ल्ड वाइड वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तेथे मार्क पेस व टोनी पॅरिसी यांनी आपला 'लॅबिरिंथ' हा ब्राउझर दाखविला, आणि डेव्ह रॅगेट यांनी सुचविलेले 'व्हीआरएमएल' हे नाव रूढ झाले.

या पद्धतीत चित्र पाठविले जात नसे. पाठविले जाई ते चित्राचे वर्णन. खांब कोठे, उंची किती, रंग कोणता, प्रकाश कोणीकडून, हे सारे साध्या अक्षरांत लिहिलेले असे. ते वाचून दर पावलागणिक दृश्य रचणे हे ब्राउझरचे काम. टेलिफोनच्या तारांवरून माहिती संथपणे येण्याच्या त्या दिवसांत ही काटकसर मोलाची होती. आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले तेच १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

१९९५ च्या पहिल्या आवृत्तीत पाहणारा हिंडे, पण देखावा निश्चल असे. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत हालचाल व ध्वनी आले; स्पर्श करताच दार उघडू लागले. १९९७ मध्ये या भाषेस आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. परंतु हे देखावे दाखविणारे 'कॉस्मो प्लेअर'सारखे प्लग-इन लवकरच मागे पडले, आणि कित्येक देखाव्यांची दारे जणू बंद झाली.

तरीही ते सर्वस्वी नष्ट झाले नाहीत. वर्णन साध्या अक्षरांत आणि नियम सर्वांस खुले, म्हणून २००४ साली मानक ठरलेल्या 'एक्सथ्रीडी' या उत्तराधिकाऱ्यास तो वारसा स्वीकारता आला. २०११ मध्ये 'वेबजीएल' आल्यावर तर प्लग-इनचीही गरज उरली नाही.

आपल्या देवालयांचे त्रिमिती आलेख करू इच्छिणाऱ्या मंडळींनी यातून एवढाच बोध घ्यावा. एकाच यंत्रास कळेल अशा गुप्त भाषेत मंदिर साठविणे म्हणजे गाभाऱ्यास कुलूप लावून किल्ली परक्याच्या हाती देणे होय. पद्मावतीची कीर्ती टिकली ती केवळ दगडामुळे नव्हे. पुढील पिढ्यांस वाचता येतील अशी अक्षरे त्या दगडावर होती, म्हणून.